वेशीबाहेरची शाळा

फुकट काम करणारा माणूस मला कळत नाही. तो खोटा असतो असं मी म्हणत नाही. तो आतून चालतो कशावर, ते मला दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्यामुळे मला चैन पडत नाही. मी सोळाव्या वर्षी चिरेखाणीवर ट्रक भरायला लागलो. जांभ्याचे चिरे उचलून उचलून बोटांची सालं निघायची. अठ्ठाविसाव्या वर्षी ट्रक माझा झाला. पुढे समुद्राकडे पर्यटक यायला लागले तेव्हा घरामागे दोन खोल्या बांधल्या. या सगळ्यात एक गोष्ट शिकलो. समोर माणूस आला की आधी बघायचं, याला काय हवंय. ते कळलं की बाकीचं सोपं.

म्हणून गणपतीनंतर ती परदेशी बाई माझ्याकडे खोली मागायला आली, तेव्हा मी नेहमीप्रमाणे भाडं चढवूनच सांगितलं. म्हटलं, ती अर्ध्यावर येईल, मी हात जोडीन, ती निघायचं नाटक करील, मी परत बोलवीन. बाईने मान डोलावली आणि बॅग आत नेली. मी अंगणात तसाच उभा. चार महिन्यांचा सौदा आणि एक शब्द बोलायला मिळाला नाही. त्या दिवशी मी विनाकारण सुनेवर ओरडलो.

बाई साठीच्या पुढची. उंच, पाठ ताठ, डोक्यावर कापडी टोपी. हॉलंडमध्ये आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झालेली. कुठल्याशा संस्थेमार्फत आमच्या गावच्या शाळेत इंग्रजी शिकवायला आली होती, स्वतःच्या खर्चाने. आमच्याकडे शिकवणाऱ्या बाईला बाईच म्हणतात, म्हणून सगळा गाव तिला बाई म्हणायला लागला. तिचं खरं नाव पहिले पंधरा दिवस कुणी विचारलंसुद्धा नाही.

"हिका काय गावता?" म्हणजे हिला यातून मिळतं काय, असं मी सुनेला विचारलं. सून बी.कॉम. झालेली, इंग्रजी बोलते. मुलगा बोटीवर असतो, त्यामुळे घरातलं विचारणं-सांगणं सगळं तिच्या माथी.

"काय गावूचा आसता बाबा? आवाडता म्हणून करता."

"आवाडता ह्या काय कारण झाला? माका झोप आवाडता. म्हणून मी हॉलंडात जावन झोपतंय काय?"

मी माझ्या परीने तपास केला. पहिला संशय जमिनीचा. तोंडवलीच्या बाजूला समुद्र दिसणारी जागा असली की हल्ली कुणाच्याही तोंडाला पाणी सुटतं. मी तिला एक जागा दाखवायला नेलं. ती तासभर उभी राहिली, आणि परत येताना तिने फक्त एवढंच विचारलं की वाळूवर पळणारे ते बारीक पक्षी कोणते. मला नाव माहीत नव्हतं, तर तिला आनंदच झाला. दुसरा संशय धर्माचा. देवळात आली, चपला काढून खांबाला टेकून बसली, आरती संपेपर्यंत ढोलाकडे बघत राहिली आणि प्रसाद मागून घेतला. तिसरा संशय, घरी नवऱ्याशी पटत नसेल. तर नवरा दर रविवारी फोन करायचा आणि आपल्या परसात भोपळे केवढे झाले ते दाखवायचा. राहिली वही. ती सारखी वहीत काहीतरी लिहायची. माझ्या नातीला, तिसरीतल्या पोरीला, मी वही बघून यायला सांगितलं. हे मी बरं केलं नाही, पण केलं.

"मासे काढलेत आजोबा," नात म्हणाली. "बांगडो, पेडवो, सौंदाळो. खाली आपली नावां इंग्रजीत लिवल्यानीत."

"आणि?"

"आणि एक माणूस आसा. तोंड उघडा, हात वर. तुमी दिसतास."

त्यानंतर मी वहीचा विषय सोडला.

आता त्या शाळेबद्दल सांगायला हवं, कारण बाईने माझ्या घरात राहून जायचं ते त्याच शाळेत, आणि मी त्या शाळेची पायरी अकरा वर्षं चढलो नव्हतो. शाळेची इमारत माझ्या चिऱ्यांची आहे. भाव मी बाजारापेक्षा कमी लावला, तेही जाऊ दे. पण एकेक चिरा मी स्वतः उभं राहून निवडला होता. कोपरा तुटलेला एक चिरा त्या भिंतीत दाखवा. शेवटी मागची भिंत अपुरी राहिली तेव्हा न मागता एक ट्रक पाठवला. उद्घाटनाच्या दिवशी मी इस्त्रीचा सदरा घालून गेलो. देणगीदारांचा संगमरवरी फलक लावला होता. जमीन देणारा त्यावर होता, पंखे देणारा होता, भिंतीवरचं घड्याळ देणाऱ्याचंसुद्धा नाव होतं. माझं नव्हतं. शाळा समितीचा अध्यक्ष माझाच चुलतभाऊ, माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा. त्याला विचारलं, तर चार माणसांत म्हणाला, "तू पैसे घेतलंस मा? मगे तो धंदो झालो. देणगी कशी?"

तो शेवटचा ट्रक त्याच्या लक्षात नव्हता, आणि मी आठवण करून देणार नव्हतो. घड्याळ देणाऱ्याचं नाव आहे आणि भिंत देणाऱ्याचं नाही. ते घड्याळ दुसऱ्या पावसाळ्यात बंद पडलं. भिंत उभी आहे.

त्यामुळे माझी नात सकाळी सातला व्हॅनमध्ये बसून मालवणच्या इंग्रजी शाळेत जायची. सुनेला ते पसंत नव्हतं. पोर व्हॅनमध्ये ओकायची. पण माझ्यापुढे बोलणार कोण? आणि गावात मी एकटाच नव्हतो. अशा दोन-तीन व्हॅनी भरून जायच्या आणि गावच्या शाळेचा पट उतरत चालला होता. एकच मास्तर, चार वर्ग, मुलं थोडी. वरून सांगून आलं होतं, जूनला पट पुरला नाही तर शाळा बंद, मुलांनी पलीकडच्या गावात जायचं. बाईच्या येण्याने तीन-चार घरांनी मुलं परत आणायचं कबूल केलं होतं. तरी एक नाव कमी पडत होतं, हे सगळ्या गावाला माहीत होतं. ते नाव कुणाच्या घरात आहे, हेही माहीत होतं. चुलतभाऊ माझ्याकडे मागायला येत नव्हता आणि मी द्यायला जात नव्हतो.

मार्गशीर्षात देवाने गावपळणीचा कौल दिला. आचऱ्याची गावपळण पेपरात येते, टीव्हीवर येते. आमच्या गावची तशीच असते, पण तिची बातमी कुणी करत नाही. काही वर्षांनी एकदा देवाच्या हुकमाने सगळा गाव घरं सोडून वेशीबाहेर जातो. तीन दिवस, तीन रात्री. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं. श्रीमंत-गरीब, हिंदू-मुसलमान कुणी मागे राहत नाही. वेशीबाहेर चुडतांच्या, म्हणजे माडाच्या झावळ्यांच्या, झोपड्या घालायच्या आणि तिथेच शिजवायचं, खायचं, भजनं म्हणायची. चौथ्या दिवशी देवाने परत कौल दिला की घरी यायचं.

चुलतभावाने सुनेजवळ निरोप पाठवला, "बाईंका तीन दिवस मालवणात हॉटेलात ठेवा. पावणी ती. झोपडीत कशी रवतली?"

मी अजून काही ठरवलं नव्हतं. पण त्याने हॉटेल म्हटल्यावर ठरलं. "बाई माझ्या झोपडीत येतली," मी सांगून टाकलं.

बाईला सुनेने विचारलं तेव्हा ती चकित झाली. "सगळे जाणार ना? मग मी कुठे राहणार दुसरीकडे?" एवढंच म्हणाली, आणि तिने स्वतःची बादली, टोपी, वही असं सामान बांधून सगळ्यांच्या आधी तयार ठेवलं.

मी झोपडीची जागा मुद्दाम निवडली. काजूच्या झाडाखाली, चुलतभावाच्या झोपडीकडे पाठ करून. पण माझी अक्कल इथे कमी पडली. काजूची सावली त्या सगळ्या माळावर तिथेच सर्वांत दाट होती. मास्तर ओरोसला प्रशिक्षणाला गेलेला, शाळेला सुट्टी, मुलं माळभर हुंदडत होती. पहिल्या सकाळी बाई माझ्या दारात बसून पेज खात होती. एक मुलगी आली, मग दोन, आणि नऊ वाजेपर्यंत सगळी शाळा माझ्या झोपडीपुढे बसली होती. अकरा वर्षं मी शाळेत गेलो नाही. शाळा माझ्या चुलीपाशी आली.

आत बसून सगळं दिसत आणि ऐकू येत होतं. उठून गेलो असतो, पण काय करते ते बघायचं होतं. तिची पद्धत उलटी होती. रोज एका मुलाने एक वस्तू आणायची आणि आधी मुलांनी बाईला शिकवायचं. एकाने कोयती आणली. बाई ती उलटसुलट बघून विचारायची, "ह्या काय? कित्याक?" मुलं ओरडून नाव आणि उपयोग सांगायची. ती चुकीचं म्हणायची, मुलं पोट धरून हसायची आणि दुरुस्त करायची. बराच वेळ ती अडाणी आणि मुलं मास्तर. मग ती म्हणायची, आता माझी पाळी. तेव्हा कोयतीवरचं इंग्रजी सुरू व्हायचं आणि पोरं तिच्यासारखंच न लाजता चुकीचं बोलायची. मी आयुष्यात बरेच सौदे बघितले, पण आधी आपणच देणेकरी होऊन बसणारा माणूस पहिल्यांदा बघत होतो.

माझ्या नातीला व्हॅनच्या शाळेत इंग्रजी कविता येत होत्या, टाळ्या मिळवणाऱ्या. बाईने तिला साधं विचारलं, काल काय जेवलीस, तर पोर गप्प. कवितेत ते नव्हतं. मला राग आला, कुणाचा ते कळेना. पण दुसऱ्या दिवशी तीच पोर पुढे बसून एका पोराला सांगत होती, बाई काय म्हणते ते. जेवताना मला म्हणाली, "आजोबा, मी ह्याच शाळेत येव?"

"गप रव. जेव."

"व्हॅनीत माका ओकाऱ्यो येतत."

"गप रव म्हटलंय मा?"

सुनेने माझ्या ताटात भात जरा जोरात वाढला.

त्याच दुपारी जेवणं झाल्यावर बाई काजूच्या मुळावर बसली होती. मला तोच प्रश्न परत सुचला. सुनेला म्हटलं, तिला नीट विचार, आवडतं बिवडतं नको, खरं काय ते सांगायला सांग. एवढ्या लांब येऊन, स्वतःचं खर्चून, तिला मिळतं काय?

बाईने ऐकून घेतलं. मग तिने चहूकडे हात फिरवला. झोपड्या, दावणीला गुरं, चुलींचा धूर, पत्ते खेळणारे म्हातारे. आणि सुनेला काहीतरी विचारलं.

"ती विचारता, तुमका काय गावता?" सून म्हणाली. "दोन खोल्यो बंद, पर्यटक परत पाठवलास, ट्रक उभो. चांगला घर सोडून चुडतात झोपतास. कित्याक?"

मी तोंड उघडलं. लोक सांगतात ते सांगितलं. गावातली हवा शुद्ध होते, रोगराई जाते. बाईने विचारलं, ते तुम्ही बघितलंय? नाही. जुनी माणसं म्हणायची, त्या तीन दिवसांत गावात देव आणि त्याची माणसं वावरतात. बाईने विचारलं, कुणी बघितलंय? बघायला मागे राहतो कोण! मग म्हटलं, सगळे एकत्र येतात. ती माझ्या झोपडीकडे बघून हसली, कारण झोपडीची पाठ कुणाकडे होती ते तिलाही माहीत होतं.

मी चिडलो. "जावचा आसता म्हणून जावचा!" मी ओरडलो. "सगळ्यात काय काय गावूकच व्हया?"

सुनेने ते इंग्रजीत सांगितलं, अगदी शांतपणे, आणि मग पदराने तोंड झाकलं. बाई वहीत चित्र काढायला लागली. मी उठून गुरांना पाणी दाखवायला गेलो. गुरं नुकतीच पाणी प्यायली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी शिक्षण खात्याचा अधिकारी आला. नवीन बदली होऊन घाटावरून आलेला. पट बघायला मोटारसायकल घेऊन थेट गावात गेला. शाळा बंद, देऊळ बंद, घरं बंद, दुकानं बंद. अर्धा तास एकटाच हाका मारत फिरला. वेशीवर पोचला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"अहो, माणसं गेली कुठं? एक कुत्रंसुद्धा भुंकलं नाही!"

चुलतभाऊ धोतर सावरत पुढे आला. साहेबापुढे तो पुस्तकी मराठी बोलतो. "साहेब, कुत्रीपण इथंच आहेत." आणि खरंच, तेव्हाच त्यांतली तीन साहेबावर धावून गेली.

चहा झाला. साहेब वाईट माणूस नव्हता. काजूखालचा वर्ग त्याने जरा वेळ बघितला. मग माझ्याच बाजेवर बसून कागद काढला. "नोंदवही मी नंतर बघीन. जूनला इथं कोण बसणार त्यांची नावं मला आज पालकांच्या तोंडून हवीत. नुसतं येणार येणार नको. आणि एक जरी कमी असलं तर मी वर काही बोलू शकत नाही."

चुलतभाऊ नावं सांगत गेला, पालक पुढे येऊन हो म्हणत गेले. शेवटी तो थांबला. सगळ्या माळाला कळलं, का थांबला. पत्ते खेळणाऱ्यांनी पत्ते खाली ठेवले.

"अजून एक लागेल," साहेब म्हणाला. त्याने पुढे बसलेल्या माझ्या नातीकडे बोट दाखवलं. "हिचं नाव घेतलंच नाही. ही कुणाची?"

पोर माझ्याकडे बघायला लागली. सून झोपडीच्या दारात उभी होती. म्हणाली, "माझी. पण बाबा सांगतील."

चुलतभाऊ माझ्याजवळ आला. एवढ्या वर्षांत एवढ्या जवळ आला नव्हता. तोंडाला पानाचा वास. हळूच म्हणाला, "माग. काय मागतंस ता माग. फलक नवीन करतंय. तुझा नाव सगळ्यांच्या वर."

खोटं कशाला सांगू, माझ्या आयुष्यात असा सौदा कधी चालून आला नव्हता. समोरचा पुरता अडकलेला, भाव मी सांगेन तो, साक्षीला सगळा गाव. माझ्या तोंडात शब्द आलेही होते. वर नाव, शाल, नारळ, आणि त्याने माईकवरून मागायची माफी. पण सौदा करताना मी नेहमी एक गोष्ट बघतो. देणारा कशाच्या बदल्यात देतोय? तो हे नाव मला नातीच्या बदल्यात देत होता. भिंतीच्या नाही. नाव घेतलं असतं तर माझी भिंत तशीच बिननावाची राहिली असती, आणि वर ते बोलून दाखवायचं तोंड मला उरलं नसतं. अकरा वर्षं जपलेली गोष्ट मी अशी पोरीच्या नावावर विकणार नव्हतो.

आणि दुसरं म्हणजे, बाई बघत होती. वही मांडीवर, पेन्सिल थांबलेली. मी आता काय मागतो ते तिला बघायचं होतं. मी तिला तीन महिने बघत होतो तसं.

"माका काय नको," मी म्हटलं. "लिव नाव."

"काय नको?" चुलतभावाचा विश्वास बसेना. तो घाबरलाच. "मेल्या, मगे काय डाव आसा तुझो?"

"डाव तुझ्या बापाशीचो! नाव लिव म्हणतंय मा? की माझ्या बाजेर बसून माझो चाय पिवन माकाच इचारतलास?" मी इतक्या मोठ्याने ओरडलो की साहेबाने घाईघाईने नाव लिहिलं. सून आत गेली. पोर उडी मारून बाईच्या अंगावर पडली.

साहेब गेल्यावर बाई माझ्याजवळ आली. तिला थोडंच येत होतं, पण माझ्या तोंडून शंभरदा ऐकलेलं वाक्य तिने बरोबर उचललं होतं.

"काय गावला?" तिने विचारलं.

"डोकेदुखी," मी म्हटलं. ते तिला सुनेने समजावून सांगावं लागलं.

चौथ्या दिवशी देवाने कौल दिला. गुरं पुढे, माणसं मागे, गाव घरी आला. अंगणात पाचोळा साचला होता आणि घरात वेगळाच थंडावा होता. बाईने खोलीचं दार उघडून आधी वास घेतला आणि वहीत काहीतरी लिहिलं. काय ते मी विचारलं नाही. जानेवारीत ती गेली. जाताना तिने भाड्यावर एक शब्द काढला नाही तो नाहीच. मी मात्र सुनेला सांगून तिच्या बॅगेत कोकमाची सुकी सोलं आणि काजू कोंबले. ती नको नको म्हणत राहिली, तेव्हा कुठे जरा सौदा केल्यासारखं वाटलं.

जूनला शाळा सुरू झाली. नातीला पोचवायला मी रोज जातो, गेटपर्यंत. पायरी चढत नाही. फलक अजून तोच आहे, घड्याळ बंदच आहे. चुलतभावाला मी त्या शेवटच्या ट्रकबद्दल अजून सांगितलेलं नाही. त्याचं त्याला आठवायला हवं.

गणपतीच्या आधी एकदा मी गेटबाहेर उभा होतो. नात वर्गाच्या खिडकीत आली. बाईचं कार्ड आलं होतं, शाळेच्या पत्त्यावर. मास्तर म्हणाले, सगळ्यांनी मिळून उत्तर लिहायचं.

"आजोबा, बाईंनी तुमका इचारल्यानी, परत गावपळण कधी? तिका येवचा आसा. आत येवन सांगा!"

"हयसूनच सांगतंय. लिव." मी शाळेच्या दगडी गडग्याला टेकून ओरडलो. "देवाक म्हायत. कौल झालो की कळवतंय. काजूखालची जागा माझी, ती कोण घेवचो नाय. बादली हाडू नको म्हणा, माझ्याकडे आसा."

खिडकीतून नातीचं खाली वाकलेलं डोकं दिसत होतं. ती ते इंग्रजीत लिहीत होती. बादलीपाशी थोडी अडली, मग मास्तरांना न विचारता पुढे गेली.